मदत हवी आहे: फोटोतली विजेची तार पुसली तर मासिकात चालते का?
नमस्कार मंडळी, मी ऐरोलीची. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो हौसेनं टिपते. यंदा दिवाळी अंकाला एक फोटो पाठवायचाय, पण नेमकी विजेची तार थव्याच्या माना कापत आडवी गेलीय! क्रॉप, उजेड, थोडा रंग एवढं चालतं हे ठाऊक आहे. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमी-छायाचित्रांच्या स्पर्धेच्या नियमांत चित्रातलं काही काढणं-घालणं बसत नाही. आपल्या मासिकांचं काय? तार पुसली तर संपादकांना कळवायचं का? (माझं मत विचाराल तर राहू दे, खाडीवर तारा आहेतच.) मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, काहीही न बदललेली) मागतात का? शिवाय क्रॉपनंतर रुंदी उरलीय २४०० पिक्सेल, म्हणजे ३०० डीपीआयला (छपाईत इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ८ इंच. पानभर छापला तर फुटेल का? ज्यांचे फोटो छापून आलेत त्यांनी प्लीज सांगा.