ऐक्य सप्ताहातली एकत्र उपासना: प्रभुभोजन ठेवायचं का?

शरणपूरकर: १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात नाशिकात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट), कॅथलिक, मल्याळी ऑर्थोडॉक्स आणि एक पेंटेकॉस्टल मंडळी मिळून उपासना करायचं घाटतंय. वेळ दीड तास. शेवटी प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) हवं असा काहींचा आग्रह आहे. जमेल का? आणखी कुठे अडतं?

जुना_सेक्रेटरी: प्रभुभोजन नको. सीएनआयचं मेज इतर मंडळ्यांच्या सभासदांना खुलं असतं, पण कॅथलिकांना त्यांच्या चर्च-कायद्याचं कलम, कॅनन ८४४, आडवं येतं. प्रॉटेस्टंट पाळकाच्या हातून त्यांना घेता येत नाही, आणि मरणाचा धोका किंवा तशीच निकड असल्याशिवाय फादरही आपल्याला देत नाहीत. म्हणजे ऐक्याच्या उपासनेत निम्मे उठणार, निम्मे बसून राहणार. त्यापेक्षा गीत, पापांगीकार, दोन वाचनं, संदेश, मध्यस्थीच्या प्रार्थना आणि शेवटी सगळ्या पाळकांनी मिळून आशीर्वाद. संदेश यजमान चर्चच्या पाळकानं देऊ नये. रविवारची सकाळही टाळा, कॅथलिकांना मिस्सा (त्यांची प्रभुभोजनाची उपासना) चालत नाही.

ऑर्गनवाला: खरी गडबड प्रभूच्या प्रार्थनेत होते. प्रॉटेस्टंट ‘राज्य, सामर्थ्य, गौरव’ म्हणत पुढे जातात, कॅथलिक ‘वाइटापासून सोडव’ इथेच थांबतात, आणि सगळं सभागृह अडखळतं. शब्दही थोडे वेगळे आहेत. एकच मजकूर छापून हातात द्या, शेवटच्या ओळीचं आधीच ठरवा. मतांगीकाराला (श्रद्धेची ठरलेली कबुली) नायसीन मतांगीकार घ्या, प्रेषितांचा मतांगीकार ऑर्थोडॉक्स उपासनेत नसतो. पण पवित्र आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ निघतो, यातला ‘आणि पुत्रापासून’ गाळा. नायसीनच्या इ.स. ३८१ च्या मूळ मजकुरात तो नाही आणि ऑर्थोडॉक्स म्हणत नाहीत.

मध्यस्थ: बाप्तिस्म्याच्या आठवणीचं पाणी शिंपडायची हौस असेल तर आवरा. बालपणीचा बाप्तिस्मा पेंटेकॉस्टल बहुधा मानतच नाहीत. सीएनआयमध्ये मात्र बालपणीचा आणि मोठेपणीचा, दोन्ही रीती चालतात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली, त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकनही होते नि फक्त मोठ्यांना देणारे बाप्टिस्टही, तेव्हा इलाज काय! पेंटेकॉस्टलांना उत्स्फूर्त प्रार्थना द्या, पण पाच मिनिटं बांधून, नाहीतर दीड तासाचे अडीच होतात. दान गोळा करणार असाल तर कुणाच्या कामाला जाणार ते पत्रिकेतच छापा, नंतर त्यावरूनच बिनसतं.