आठवी-नववीला पर्यावरणपट दाखवायचाय, चर्चा कशी घडवावी?

रानवाट: ८० मुलं, दोन तासिका मिळून ७० मिनिटं. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ हा हत्तीच्या पिल्लांवरचा माहितीपट डोक्यात आहे. परवानगी लागते का? तयारी काय?

पडदेवाला: साधारण ४० मिनिटांचा आहे, म्हणजे चर्चेला अर्धा तास उरतो. संवाद तमिळ, त्यामुळे सगळी मदार उपशीर्षकांवर. पुढच्यांची डोकी नेमकी तीच झाकतात. पडद्याचा खालचा काठ जमिनीपासून चार फूट तरी वर हवा. दुपारी ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टरही उजेडात फिका पडतो, खिडक्या झाका. लॅपटॉपचा आवाज पंख्यांत बुडतो, वेगळे स्पीकर लावा.

कलमदान: प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असतील तर प्रताधिकार कायदा १९५७, कलम ५२ मध्ये सवलत आहे. गावाला खुलं केलंत की ती सुटते. नेटफ्लिक्ससारख्या ओटीटीच्या अटी मात्र वेगळ्या, त्या आधी वाचा.

तिल्लारीकाठ: ‘आवडला का?’ विचारू नका. ‘हो’ येतं, विषय तिथेच मिटतो. आठ-आठचे गट करा आणि विचारा: कॅमेऱ्याने काय दाखवलं नाही? हत्तींनी पीक तुडवलेला शेतकरी कुठे आहे? सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे तर हा रोजचाच प्रश्न. २००७ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयानेही ‘ॲन इन्कन्व्हिनिअंट ट्रुथ’ हा हवामानबदलावरचा माहितीपट शाळांत दाखवू दिला, पण नऊ मुद्द्यांवर बोट ठेवून सोबत शिक्षकांसाठी टिपा हव्यात असं म्हटलं. अशी एक पानभर टिप तुम्हीच लिहा.

रानवाट: काळे पडदे नाहीत. सतरंज्या चालतील?

पडदेवाला: चालतील. फक्त पडद्यासमोरची खिडकी आधी झाका.