अनुभव धागा : धंद्यात कामाला येणारा स्वभाव (जिद्द-चिकाटी वगळून)

धागाकर्ता

मंडळी, धंदा कोणाला जमतो हा विषय निघाला की जिद्द, चिकाटी आणि आत्मविश्वास हे तीन शब्द पहिल्या मिनिटात येतात आणि पुढे बोलायला काही उरत नाही. म्हणून इथे ते तिन्ही बाद. तुमच्या धंद्यात माणसाचा कोणता स्वभाव नेमका कुठल्या वेळी उपयोगी पडतो, आणि तो नसला तर माल, पैसा किंवा गिऱ्हाईक कुठून गळतं, एवढंच लिहा. आत्मचरित्र नको, 'शून्यातून' तर अजिबातच नको. मापं, आकडे, वेळा हव्यात.

पोळीभाजी केंद्र, विलेपार्ले

तोंडावर 'नाही' म्हणता येणं. आपल्याकडे हा उद्धटपणा समजतात, पण आमच्या धंद्यात तो निव्वळ हिशेब आहे.

१ किलो कणकेला ६०० ते ६५० मिली पाणी आणि थोडं तेल. ४५ ग्रॅमचा गोळा धरला तर साधारण ३५ पोळ्या. सराईत बाई एकटीने लाटून-भाजून एका तव्यावर तासाला ५०-५५ काढते. म्हणजे ३०० पोळ्यांची ऑर्डर म्हणजे साडेआठ-नऊ किलो कणीक आणि एका तव्यावर साडेपाच तास. दोन तवे, दोन बाया, तरी पावणेतीन तास. आता रविवारी दुपारी १ ची मुंज असेल आणि माणूस शनिवारी रात्री ९ ला फोन करत असेल, तर उत्तर या हिशेबातून यायला हवं, 'बघू, करू काहीतरी' यातून नव्हे. त्यात रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. बाई विरारहून किंवा कल्याणहून येणार असेल तर ती ७ ला पोचेल हे गृहीतच धरू नका.

'करू' म्हणून घेतलेल्या ऑर्डरची चूक कुठे दिसते? पोळीत नाही, डब्यात. घाईत गरम पोळ्या थेट एकावर एक रचून फॉइलमध्ये बांधल्या की वाफ धरते, खालच्या दहा-बारा ओल्या होऊन चिकटतात. पोळी जाळीवर किंवा सुती कापडावर दोन-तीन मिनिटं पसरावीच लागते. ३०० पोळ्यांना तेवढी जागा आहे का, हाही 'हो' म्हणण्याआधीचा प्रश्न. आमच्या गाळ्यांत ओटा म्हणजे चार फूट.

रोजच्या डब्यांचं तर विचारूच नका. डबेवाला ठरल्या वेळेला येतो आणि डबा तयार नसेल तर पुढे निघतो, कारण त्याला गाडी धरायची असते. १८९० पासून ही व्यवस्था चालू आहे ती कोणासाठी न थांबल्यामुळेच. नवीन डबा घेताना आधी आपली वेळ बघा, मग भाव सांगा.

लेथ वर्कशॉप, साकीनाका

पहिल्या नगापाशी थांबायचा धीर. मशीन सेट झालं की हात शिवशिवतो, २०० नग सटासट काढावेसे वाटतात. पहिला नग काढा, मशीन बंद करा, ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप घ्या, तो नग बाजूला लाल टॅग लावून ठेवा. मग दर वीस नगांमागे एक तपासा, कारण इन्सर्ट (धातू कापणारं बदलतं पातं) झिजत जातं आणि व्यास हळूहळू वाढत जातो. एकदम उडी मारत नाही, म्हणून लक्षात येत नाही.

हमखास फसण्याची एक जागा सांगतो. २५ मिमीचा स्टीलचा शाफ्ट चकमधून काढल्या काढल्या मोजला आणि तो खोलीच्या तापमानापेक्षा ४० अंशांनी गरम असेल, तर तो साधारण ०.०११ मिमी मोठा दिसतो. स्टील दर मीटरला दर अंशाला ११-१२ मायक्रॉन फुगतं, त्याचा हा हिशेब. ड्रॉइंगवर ±०.०२ असेल तर एका बाजूची अर्ध्याहून जास्त सूट नुसत्या गरमपणात गेली. तुमच्याकडे माप बरोबर, पार्टीच्या एसी लॅबमध्ये नग बारीक. मग रिजेक्शनची चिठ्ठी येते आणि आपण त्यांच्या मायक्रोमीटरला शिव्या घालतो. नग थंड होऊ द्यायचा, मायक्रोमीटरचा शून्य रोज सकाळी आणि जेवणानंतर बघायचा.

जोडीला दुसरा स्वभाव : वाईट बातमी स्वतःहून, लवकर सांगणं. ४० नग बिघडले तर त्याच दिवशी फोन करा, 'तुमचे १६० शुक्रवारी, उरलेले सोमवारी' असं सांगा. पार्टीचं असेंब्लीचं वेळापत्रक हलवायला त्यांना तीन दिवस मिळतात. शुक्रवारी चलनावर १६० लिहून टेम्पो पाठवला तर नग तेवढेच गेले, पण पुढची ऑर्डर गेली.

कापड दुकान, हिंदमाता

आपल्या मालावर जीव जडू न देणं. स्वतः निवडून आणलेली साडी खपली नाही की दुकानदार गिऱ्हाइकाला नावं ठेवतो. उपाय अगदी बाळबोध आहे. खरेदीच्या महिन्याप्रमाणे टॅगवर रंगीत टिकली. तीन महिने झालेली टिकली शेल्फवर दिसली की तो नग काउंटरजवळ आणा, चौथ्या महिन्यात भाव तोडा. पितृपक्षात उठाव नसतोच, ते पंधरा दिवस याच कामाचे, कारण पुढच्या नवरात्र-दिवाळीच्या मालाला जागा आणि भांडवल तिथूनच सुटतं.

पण भाव तोडताना आकडा कळला पाहिजे. ८० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली तर खरेदीवर नफा २५ टक्के, विक्रीवर २०. त्यावर 'फक्त १० टक्के सूट' दिली की ९० आले, नफा २० चा १० झाला. सूट दहाची, नफा अर्धा. नव्या पोराला काउंटरवर उभं करण्याआधी हे कागदावर सोडवायला द्या.

औद्योगिक पॅकिंगचं उत्पादन, भिवंडी. ऑफिस मस्जिद बंदर

वसुलीतला सभ्य निर्लज्जपणा. आपल्या मराठी माणसाची खरी अडचण इथे आहे, माल देताना ताठ आणि पैसे मागताना अंग चोरून. मागायची लाज वाटते म्हणून महिनाभर गप्प, आणि मग एक दिवस भांडण. दोन्ही चूक.

पद्धत अशी. माल निघाला त्याच दिवशी बिल. बिलावर पार्टीचा पीओ (खरेदी ऑर्डरचा) नंबर आणि चलन नंबर, कारण तेवढं एक नसलं तरी अकाउंट्सवाला बिल बाजूला टाकतो आणि कळवतही नाही. तिसऱ्या दिवशी फोन, पण पैशासाठी नाही : 'बिल सिस्टीममध्ये चढलं का?' मुदतीच्या तीन दिवस आधी दुसरा फोन : 'या आठवड्याच्या पेमेंट यादीत आहे ना?' खरेदी विभागातल्या माणसाशी कितीही दोस्ती असो, चेक काढणारा दुसराच असतो. त्याचं नाव आणि पेमेंटचा वार पहिल्याच ऑर्डरला विचारून ठेवा.

घाई का, तर जीएसटीमुळे. १ लाखाच्या बिलावर १८ टक्के म्हणजे १८,००० कर. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा असतो, पार्टीने पैसे दिले असोत वा नसोत. खरेदीवर आधीच भरलेला कर वजा करा, तरी उरलेली रक्कम तुमच्या खिशातून. ९० दिवसांच्या उधारीवर धंदा करणारा माणूस पार्टीचा कर स्वतः भरून तिला बिनव्याजी पैसे देत असतो.

उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर करा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वर २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात जी तरतूद आली, सगळे जिला ४३बी (एच) म्हणतात, तिच्यामुळे मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये पार्ट्या अचानक गोड बोलायला लागतात. फक्त एक लक्षात ठेवा, हे उत्पादन आणि सेवा करणाऱ्यांसाठी आहे, निव्वळ ट्रेडिंगला याचा आधार नाही.

इंटिरिअरची कामं, बोरिवली

वरच्याला अनुमोदन, थोडक्यात लिहितो. 'जाता जाता एवढं एक करून द्या' हे वाक्य ऐकलं की हसून लगेच मोबाइल काढता आला पाहिजे. काय, किती फूट, किती रुपये, किती दिवस वाढणार, चार ओळी व्हॉट्सॲपवर आणि समोरून 'ओके' आल्याशिवाय सुताराला सांगायचं नाही. आणि दुपारच्या शांततेच्या वेळी सोसायटीत ड्रिल बंद असतं, ते तास वेळापत्रकातून आधीच कापा.

फराळ आणि मसाले, गिरगाव

वरच्या सगळ्यांपेक्षा आमच्याकडे लागतो तो गुण जरा रटाळ आहे. तेच ते, तसंच्या तसं करायचा कंटाळा न येणं. हौशी सुगरणीला रोज नवीन करून बघायचं असतं. धंद्याला गेल्या वर्षीचीच चकली हवी असते.

चकलीच घ्या. भाजणी तांदूळ ४, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ १, वजनाने, वाटीने नाही. वाटी भरण्याचा हात बदलतो. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, एकत्र टाकलं तर तांदूळ कच्चे आणि डाळ करपलेली. पुढे उकळत्या पाण्यात मोहन घालून उकड, झाकण, मळणं. इथून पुढे चकली बिघडते ती मोजक्याच कारणांनी, पण दिसायला सगळी सारखीच दिसतात. मोहन जास्त झालं तर तेलात सोडल्यावर सुटते, कमी झालं तर दाताला कडक. सोऱ्यातून पडतानाच तुटत असेल तर पीठ सुकलंय, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, मोहन वाढवू नका. तेल कमी तापलं असेल तर तेल पिते. फार तापलं असेल तर बाहेरून लाल, आत ओली, आणि ती दुसऱ्या दिवशी मऊ पडते. ही शेवटची सर्वांत फसवी, कारण कढईतून काढताना ती सुंदरच दिसते.

म्हणून थर्मामीटर, १६० ते १७० अंश. नव्या बायकांना ते अपमानास्पद वाटतं, वाटू द्या. एका घाण्यात कढईला पेलतील तेवढ्याच, नाहीतर तेल खाली येतं आणि पुन्हा चढायची वाट बघावी लागते. बुडबुडे कमी झाले की काढायची. पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत नाही. ऑक्टोबरात आपल्याकडची हवा दमट, कोमट चकली सील केली की आतून घाम.

दर घाण्याची एक ओळ वहीत : भाजणीची तारीख, पिठाचं वजन, पाणी, मोहन, तेलाचं तापमान, उतरलेली चकली किती किलो. उतारा अचानक वाढला तर खूश होऊ नका, तेल जास्त पिलंय. 'मऊ आहे' अशी तक्रार आली की पिशवीवरच्या क्रमांकावरून ती ओळ शोधता येते. वही नसेल तर भाजणी, बाई आणि गॅस अशा तिघांवर आळ येतो आणि तिघंही दुखावतात.

गोदाम आणि वितरण, कुर्ला

काळजीखोरपणा. घरात शिव्या खाणारा स्वभाव, गोदामात सोन्यासारखा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला, तो आकडा इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण नुकसान व्हायला तेवढा पाऊस लागत नाही. महापालिका पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या तारखा आधीच जाहीर करते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असं जुळलं की पाणी समुद्रात जात नाही. त्या तारखा मे महिन्यातच कॅलेंडरवर लाल करा आणि त्या दिवशी माल मागवूच नका.

पॅलेटवर माल ठेवतात, पण भिंतीला टेकवून. पाणी ओसरल्यावरही भिंत ओल ओढत राहते. वीतभर फट हवी. तळाच्या रांगेत पत्रा-प्लास्टिकचा माल, पुठ्ठा वर.

विम्यातली गोम बहुतेकांना क्लेमच्या दिवशी कळते. गोदामात १० लाखांचा माल आणि विमा ५ लाखांचा असेल, आणि ४ लाखांचं नुकसान झालं, तर ४ मिळत नाहीत, त्याच प्रमाणात २ मिळतात. गणपती-दिवाळीच्या आधी माल दुप्पट होतो, विम्याची रक्कम मात्र एप्रिलचीच. जुलैच्या आत वाढवून घ्या. पॉलिसीत पूर धरलाय का हेही त्याच वेळी वाचा. आणि साठ्याची यादी गोदामातच ठेवू नका, भिजते.

जनरल स्टोअर्स, लालबाग

गोड बोलण्याला लोक फार भाव देतात. माझ्या मते गल्ला दुसऱ्याच्या हाती सोपवून जेवायला जाता येणं हा त्याहून मोठा गुण, आणि तो विश्वासाने येत नाही, मोजणीने येतो. सकाळी गल्ल्यात ठरलेली रक्कम, समजा २,००० सुटे. माणूस बदलला की दोघांनी मिळून मोजायचं, ५०० किती, २०० किती, १०० किती, चिल्लर, कागदावर लिहून दोघांची सही. पाच मिनिटं लागतात. यूपीआयचा आकडा आवाजाच्या पेटीवर किंवा गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर धरायचा नाही, ॲपमधल्या दिवसाच्या यादीशी जुळवायचा.

कमी आले की सगळे आरडाओरडा करतात. जास्त आले की गप्प बसतात, आणि तीच चूक. जास्त म्हणजे कोणाला तरी सुटे द्यायचे राहिले, किंवा विक्री लिहायची राहिली. दोन्ही रकाने वहीत हवेत. पोराला कमी आल्यावर पगारातून कापलंत तर तो जास्त आलेले वर काढून ठेवायला शिकतो, पुढच्या तुटीची सोय म्हणून. मग वही दर संध्याकाळी बरोबर जुळते आणि तुम्हाला काहीच कळत नाही. जास्त निघालेले पैसे वेगळ्या पाकिटात, तारीख आणि वेळ घालून, महिनाभर ठेवा. एखादं गिऱ्हाईक चार दिवसांनी येऊन म्हणतं, परवा तुमच्याकडे सत्तर रुपये राहिले माझे.