मदत हवी आहे: वनहक्काच्या जंगलातली रायमुनिया काढायची आहे, परत फुटू नये म्हणून काय करावं?

बांधावरचा
ठिकाण: ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधलं (भोवतालच्या पट्ट्यातलं) गाव, जि. चंद्रपूर. सामूहिक वनहक्काच्या जंगलात साधारण २० हेक्टरवर रायमुनिया (घाणेरी) माजली आहे. खालचं गवत संपलं, म्हणून गुरं पार आत जातात. मोहाखाली फुलं वेचायला जागा उरली नाही, शेताच्या कडेच्या दाट झुडपांच्या जाळीत डुकरं. मागे कुऱ्हाडीनं तोडली तिथं पहिल्यापेक्षा दाट फुटली. जेसीबीवाला दोन दिवसांत साफ करतो म्हणतो. करू द्यावं का? नंतर काय पेरावं? परवानगी लागते का?

कुदळ-पावडं
जेसीबी नको भाऊ. तो माती उलथतो, खालचं बी वर येतं आणि पहिल्या पावसात सगळीकडे रोपं. गवताची जुनी मुळंही जातात ती वेगळीच.

कुऱ्हाडीनं दाट का झाली? फुटवा येतो तो खोड आणि मूळ जुळतं त्या गाठीतून, आणि कुऱ्हाड गाठीच्या वर चालते. अरुंद पात्याच्या कुदळीनं जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर मुख्य मूळ तोडा. सगळं मूळ उपसायची गरज नाही. झुडूप उचलून तिथंच उलटं ठेवा, मुळं आकाशाकडे. आडवं टाकलं तर ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या मुळं धरतात. पावसाळ्यात माती मऊ असताना, फळं पिकायच्या आत काम उरका. वाळल्यावर काड्या कुंपणाला नाहीतर चुलीला.

खरं काम पुढे आहे. पक्षी फळं खाऊन झाडावर बसतात, म्हणून मोठ्या झाडांखाली आणि पाणी वाहतं त्या घळीत रोपं उगवत राहतात. दोन-तीन वर्षं पावसाळ्यात ती हातानं उपटावी लागतात. म्हणून एकदम २० हेक्टर घेऊ नका. तीन वर्षं सांभाळता येईल तेवढंच, ४-५ हेक्टर, काढा.

कुरणवाला
मोकळी जागा रिकामी ठेवली तर रायमुनियाच्या जागी तरोटा आणि रानतुळस ही तणं येतात. तरोटा शेंगा धरायच्या आत, ऑगस्टमध्येच उपटा.

त्याआधीच गवत पेरा: काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत मारवेल, मुरमाड उतारावर पवन्या आणि कुसळ. बी हेक्टरी ५-६ किलो. माती-शेणात कालवून गोळ्या करा, पहिल्या पावसाला वरवर टाका, १ सेंमीपेक्षा खोल नको. मारवेल ठोंबांनी (मुळासकट काढलेल्या जुडग्यांनी) लवकर धरतो: ५० × ५० सेंमी अंतर, म्हणजे हेक्टरी ४०,००० ठोंब. कुसळाला काटेरी टोकं येतात, ती जनावरांच्या तोंडाला टोचतात. बियाण्यापुरता पट्टा राखून बाकीचा आधीच कापा.

पहिलं वर्ष चराई पूर्ण बंद. दुसऱ्या वर्षी बी झडल्यावर कापून न्या, गुरं सोडू नका. तिसऱ्या वर्षापासून तुकडे पाडून पाळीनं चारा.

नाल्याकाठी
वरच्या दोघांशी सहमत, पण सगळंच साफ करू नका. पाणवठे आणि नाल्याकाठच्या जाळीत वन्यप्राण्यांचा आडोसा आहे, तिथं सर्वांत शेवटी जा. आधी शेताची कड (१०-१५ मीटर), मग गुरांची वाट, मग मोहाखालची जागा.

जाळीत वाघ बसलेला असू शकतो. एकट्यानं वाकून काम नको. गटानं, आवाज करत, ऊन वर आल्यावर जा आणि दुपार टळायच्या आत परत या. सकाळी वनरक्षकाकडून पगमार्कची (वाघाच्या पावलांच्या ठशांची) खबर घ्या.

आगीचंही बघा. मोहफूल वेचायला पालापाचोळा पेटवतात, ती आग पसरली की गवताची रोपं मरतात आणि रायमुनिया बुडातून पुन्हा फुटते. झाडाखाली झाडून घ्या किंवा फुलं झेलायला विणलेली जाळी अंथरा. जाळरेषा (आग अडवायला साफ केलेला पट्टा) आगीचा हंगाम लागायच्या आत, म्हणजे १५ फेब्रुवारीपूर्वी.

परवानगीचं: वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ नुसार जंगलाच्या संरक्षणाचा अधिकार ग्रामसभेला आहे. २०१२ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या समितीनं व्यवस्थापन आराखडा करून तो वनविभागाच्या आराखड्याशी जोडायचा असतो. हे काम त्यात लिहा, ठराव करा, प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्या. उभी झाडं तोडणं यात बसत नाही.

बांधावरचा
शेळ्या सोडून रायमुनिया खाऊ घालता येईल का? आणि मारवेलचे ठोंब कुठून आणावेत?

कुरणवाला
शेळ्या नको. पाला विषारी आहे: कावीळ होते, उन्हात कातडी सोलते. उपाशी जनावर चरायला सोडलं की धोका जास्त. ठोंब विकत घेऊ नका, शेताच्या धुऱ्यावर आणि तळ्याच्या पाळीवर मिळतील. जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, बुंध्याचा अर्धाच भाग काढा. उरलेला पुन्हा भरतो.