मदत हवी आहे: शाळेतल्या एमयूएनमध्ये वेळ आणि ठराव, दोन्हींचं गाडं अडतंय

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये नववी-दहावीच्या मुलांसाठी एका दिवसाचं एमयूएन (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे मुलांनी देशांचे प्रतिनिधी होऊन भरवलेली संयुक्त राष्ट्रांची नकली सभा) घ्यायचंय. आमसभा, ४० देश, विषय सीमापार नद्यांचं पाणी. पाऊस कमी झाला की गंगापूर-दारणातून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून इथे काय पेटतं ते मुलांना माहीतच असतं, त्यामुळे वरचा देश-खालचा देश हे भांडण समजावावं लागत नाही.

पहिली अडचण वेळेची. प्रत्येकी ९० सेकंद दिले तर अख्खा तास सुरुवातीच्या भाषणांतच जातो. वक्त्यांची यादी १५ नावांवर थांबवून थेट मॉडरेटेड कॉकस (अध्यक्ष नाव घेतील त्याने एका मुद्द्यावर थोडक्यात बोलायचं) घेतलं (१० मिनिटं, प्रत्येकी ४५ सेकंद) तर बुजरी मुलं दिवसभर गप्प बसतील का?

खरी डोकेदुखी ठरावाच्या मसुद्याची. सरावात 'सैन्य पाठवावं', 'निर्बंध लादावेत' अशी कलमं येतात. सदस्य देशांना बंधनकारक असे निर्णय सुरक्षा परिषदेचे. आमसभा फार तर शिफारस करणार. संयुक्त राष्ट्रांच्या १९९७ च्या जलप्रवाह कराराचं कलम ५ (न्याय्य वापर) आणि कलम ७ (मोठी हानी टाळणं) समोर ठेवलं की भाषा सुधारते. पण त्या करारावर मतदान झालं तेव्हा चीन आणि तुर्कस्तानने विरोधात मत दिलं होतं, भारत तटस्थ होता, आणि आपली मुलं खुशाल तिघांनाही त्याच कलमांवरच्या ठरावाचे प्रायोजक (मसुदा मांडणारे देश) करून मोकळी! हे अध्यक्षांनी मसुदा घेतानाच अडवावं, की चर्चेत इतर देशांनी पकडू द्यावं?

मराठीतला ठरावाचा नमुना कुणाकडे असेल तर टाका. अध्यक्षपदाचा अनुभव असलेलं कुणी नाशिकमध्ये असेल तर तेही कळवा.