महिला फुटबॉलच्या प्रदर्शनाची डिझाइन : गुलाबी नको, मग काय?

अक्षरवेडी :
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका छोट्या संग्रहालयात महिला फुटबॉलच्या इतिहासावर प्रदर्शन लागतंय आणि त्याचा लोगो, पोस्टर, पॅनेल, कॅप्शन, तिकीट सगळं माझ्याकडे आलंय. तीन खोल्या आहेत. पहिलीत इंग्लंड, म्हणजे डिक कर लेडीज ही कारखान्यातल्या बायकांची टीम आणि नंतरची बायकांच्या फुटबॉलवरची बंदी. दुसरीत मेक्सिको 1971, म्हणजे फिफाच्या आधीचा अनधिकृत महिला वर्ल्ड कप, आणि पुढचे वर्ल्ड कप. तिसरीत आपल्याकडचं, 1980 ला कोझिकोडच्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता झाला तिथपासून ते 2022 च्या एशियन कपच्या बालेवाडीत झालेल्या मॅचेसपर्यंत.

समितीला गुलाबी रंग आणि पोनीटेलवाल्या मुलीची सावली हवीये. मला ते अजिबात पटत नाहीये, पुरुषांच्या फुटबॉलचं प्रदर्शन असतं तर खेळाडूच्या केसांवरून लोगो करा असं कुणी म्हटलं नसतं. पण नुसतं नको म्हणून भागत नाही, दुसरं काहीतरी दाखवावं लागेल. सध्या एवढंच सुचलंय की 'फुटबॉल' मधल्या बॉ च्या अर्धचंद्रात काळापांढरा बॉल बसवायचा आणि मागे हिरवा रंग. कसं वाटतंय? शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे.

शाईवाला :
ताई, अर्धचंद्रात बॉल ठेवलात की त्याचा चंद्रबिंदू होतो, लोक 'फुटबाँल' वाचतील. कागदावर काढून घरातल्या कुणालातरी वाचायला द्या, लगेच कळेल.

दुसरं म्हणजे तो काळापांढरा बॉल. 12 काळे पंचकोन आणि 20 पांढरे षटकोन हा टेलस्टार, 1970 च्या वर्ल्ड कपचा, ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर नीट दिसावा म्हणून तसा केलेला. तुमची पहिली खोली त्याच्या 50 वर्षं आधीची, तेव्हाचा बॉल तपकिरी चामड्याचा, नाडीने शिवलेला. संग्रहालयात अशी चूक दिसली की जाणकार माणूस पुढचं काहीच विश्वासाने वाचत नाही.

मी तर म्हणतो बॉल सोडाच, अक्षरावर जोर द्या. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडग्यांची अक्षरं आठवा, नुसत्या नावावरून नाटकाचा स्वभाव कळायचा. कॅप्शनला 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरा, फुकट आहे आणि मराठी-इंग्रजी दोन्ही एकाच घरातलं वाटतं. फक्त मराठीला ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात.

डावी_विंग :
मी शाळा-कॉलेजात सात वर्षं पुण्यात खेळले आणि हिरवं मैदान फारच कमी वेळा मिळालं, बाकी सगळा मुरूम. गुडघे सोलवटायचे, मोजे तांबडे व्हायचे ते कितीही धुतले तरी तसेच. मला ते पोस्टर हिरवं दिसलं तर ते टीव्हीवरचं फुटबॉल वाटेल, माझं नाही वाटणार. तांबूस मातीचा रंग घ्या ना, आणि त्यावर मैदान आखायच्या फक्कीची पांढरी रेघ!

ती फक्कीची रेघच तुमचा लोगो होऊ शकते बघा. 1920 च्या बॉक्सिंग डेला (26 डिसेंबर) लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीजची मॅच बघायला 53,000 माणसं आली होती, आणि 5 डिसेंबर 1921 ला इंग्लंडच्या एफएने (तिथली फुटबॉल संघटना) क्लबांना सांगितलं की बायकांना मैदान द्यायचं नाही. खेळणं थांबलं नाही, मैदान गेलं. मग पहिल्या खोलीत जमिनीवरून रेघ येऊ दे आणि 1921 पाशी तुटू दे, पुढची भिंत तशीच कोरी, 1971 पर्यंत. माणसाला ती कोरी भिंत चालत पार करायला लागली पाहिजे. कुठल्याही पॅनेलपेक्षा ते जास्त लागेल.

(खरी फक्की नका टाकू, धूळ उडते आणि वस्तू खराब होतात. फ्लोअर व्हायनल मिळतं, न घसरणारं घ्या.)

जुनीपत्रे :
रेघेची कल्पना फार आवडली. गुलाबीबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे. 1971 च्या मेक्सिकोच्या स्पर्धेत आयोजकांनी गोलपोस्टच गुलाबी-पांढरे रंगवले होते, आणि त्याच स्पर्धेची फायनल मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये सुमारे 1,10,000 लोकांनी पाहिली, डेन्मार्क 3-0 ने जिंकलं. म्हणजे त्या खोलीत गुलाबी हा पुरावा आहे. सगळीकडून काढा आणि फक्त त्या गोलपोस्टवर ठेवा, समितीलाही ते समजावून सांगता येईल. 1991 च्या फिफाच्या पहिल्या महिला वर्ल्ड कपमध्ये मॅच 90 ऐवजी 80 मिनिटांची होती, ते '80' पण भिंतभर मोठं लिहा, बघणारा थांबून विचारेलच का म्हणून.

तिसऱ्या खोलीत खरी अडचण फोटोंची येईल. शांती मलिक 1983 ला अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू, पण त्या काळातले चांगले फोटो सहज हाताला लागत नाहीत. जुन्या खेळाडूंच्या घरच्या अल्बममधून मूळ प्रिंट मागा, 600 डीपीआयला स्कॅन करा आणि त्यांच्यासमोरच परत द्या, घेऊन जाऊ नका. पेपरातली कात्रणं मोठी केली की ठिपके दिसतात ते लपवू नका, तसेच राहू देत. रंग भरायला तर जाऊच नका, जर्सीचा रंग अंदाजाने भरला की तो पुढे खरा म्हणून फिरत राहतो. आणि मॅट लॅमिनेशन करा, चकचकीतवर दिवे पडले की अर्धा फोटो दिसत नाही.

अक्षरवेडी :
चंद्रबिंदू माझ्या लक्षातच आला नव्हता, आईला दाखवलं तर तिने तसंच वाचलं. बॉल काढला. काल रात्री बसून फु चा उकार खाली लांब ओढला आणि तोच पूर्ण शब्दाखालून फक्कीच्या रेघेसारखा जातो, मागे मुरमाचा रंग. पहिल्या खोलीत रेघ तुटते, मेक्सिकोत गुलाबी पोस्टांमधून जाते आणि तिसऱ्या खोलीत दाराबाहेर रस्त्यापर्यंत नेणारे. कोऱ्या भिंतीला समिती नाही म्हणेल असं वाटतंय, पण त्यावर मी हटणार नाहीये.

डावी_विंग, ते तांबडे मोजे अजून असतील तर प्रदर्शनात ठेवायला द्याल का? काचेच्या पेटीत ठेवू, खाली तुम्ही सांगाल तेच कॅप्शन.

डावी_विंग :
एक जोडी आहे. आईने जपून ठेवलीये. रविवारी आणून देते.