मदत हवी आहे: फेस्टिव्हलआधी शोरीलमध्ये शॉर्टफिल्मचे सीन चालतील का?

मी दिग्दर्शित केलेली, मुख्य भूमिकाही माझीच असलेली 14 मिनिटांची शॉर्टफिल्म सध्या फेस्टिव्हलना पाठवतोय. काही ठिकाणी प्रीमियरची अट असते (फिल्म आधी कुठे जाहीर दाखवलेली नसावी), म्हणून ती कुठेही जाहीर अपलोड केलेली नाही. इकडे ऑडिशनसाठी शोरील (स्वतःच्या अभिनयाच्या निवडक क्लिप्सचा छोटा व्हिडिओ) मागतात आणि माझं दाखवण्याजोगं काम नेमकं ह्याच फिल्ममध्ये अडकलंय! पासवर्डची लिंक पाठवून पाहिली, कास्टिंगवाले बहुतेक उघडतच नाहीत. मोनोलॉगही शूट केला, पण समोर कुणी नसलं की रिअ‍ॅक्शन दिसणार कुठून? सहकलाकारांची हरकत नाही. संगीताचं लायसन्स फक्त फेस्टिव्हलपुरतं आहे, त्यामुळे क्लिपमध्ये नुसते संवाद ठेवीन. फेस्टिव्हलच्या नियमांत पूर्ण फिल्मबद्दल लिहिलंय, तुकड्यांबद्दल अवाक्षर नाही. मिनिटभराचे दोन सीन जाहीर शोरीलमध्ये टाकले, तर प्रीमियर गेला असं धरतात का?